शनिवारच्या फेरीत पिस्तूल नको

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही दोघं नेहमीप्रमाणे फेरीला निघालो होतो. मी अमेरिकेत फ्लोरिडातल्या आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेच्या, म्हणजे इथे सगळे जिला नुसतं एचओए म्हणतात तिच्या, बांधकामं तपासणाऱ्या कमिटीवर आहे. पगार नाही, मानधन नाही. महिन्यातून एकदा क्लिपबोर्ड घेऊन गल्ल्या पालथ्या घालायच्या. कुणाच्या कुंपणाच्या फळ्या निखळल्यात, कुणी परवानगी न घेता शेड उभी केलीय, कुणाचं गवत गुडघ्याला लागतंय हे टिपायचं आणि यादी मॅनेजमेंट कंपनीला पाठवायची. मग तिकडून ते व्हायोलेशन लेटर, म्हणजे नियम मोडल्याचं पत्र, जातं, जे उघडताना कुणाच्याही कपाळाला आठी पडते. माझ्याबरोबर फिरणारे गृहस्थ सत्तरीतले, निवृत्त, मवाळ बोलणारे. माझ्या मुलीला सायकल त्यांनीच शिकवली. एका घरासमोरचा फुटलेला स्प्रिंकलर बघायला ते वाकले आणि त्यांचा शर्ट वर सरकला. कमरेला पिस्तूल होतं.

नेमकी त्याच वेळी घरमालकीण दारात आली. कडेवर दोन-अडीच वर्षांचं मूल. तिची नजर कुठे गेली ते मला दिसलं. आम्ही स्प्रिंकलरबद्दल विचारलं, तिने "बघते" म्हटलं आणि ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज फुटपाथपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी तिने संघटनेच्या बोर्डाला एका ओळीची ईमेल पाठवली: कमिटीची माणसं माझ्या दारात बंदूक घेऊन का येतात?

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण नियमच नव्हता. मी दोन वाक्यांचा मसुदा लिहिला. संघटनेच्या नावाने काम करणाऱ्या कोणत्याही स्वयंसेवकाने ते काम करत असताना शस्त्र बाळगू नये. आणि ज्याच्याजवळ शस्त्र आहे त्याने त्या वेळी संघटनेचं काम करू नये. पाच जणांच्या बोर्डात तो दोन विरुद्ध तीन मतांनी पडला. त्या बैठकीत जे मुद्दे निघाले त्यांना उत्तर द्यायला मला तीन मिनिटं मिळाली होती, ती पुरली नाहीत. अमेरिकेत अशा वसाहतींत राहणारे, बोर्डांवर आणि कमिट्यांवर बसणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत, म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला एचओए म्हणजे आपली हाउसिंग सोसायटी वाटेल, आणि बरंचसं तसंच आहे. फरक अधिकारांत आहे. ही संघटना दंड लावू शकते, थकबाकीसाठी घरावर बोजा चढवू शकते आणि प्रकरण शेवटाला गेलं तर घर लिलावात काढण्यापर्यंत जाऊ शकते. देशभरात अशा साडेतीन लाखांहून अधिक संघटना आहेत आणि त्यांच्या छत्राखाली सात कोटींहून जास्त लोक राहतात. हा सगळा कारभार मुख्यतः बिनपगारी शेजाऱ्यांवर चालतो. म्हणजे जो माणूस सकाळी आपल्या कुत्र्याला फिरवताना हात हलवतो, तोच दुपारी क्लिपबोर्ड घेऊन आला की दंड लावणाऱ्या सत्तेचा प्रतिनिधी असतो. दार उघडणाऱ्याला हे कळतं. क्लिपबोर्डवाल्याला ते दरवेळी जाणवतंच असं नाही. त्या सत्तेला पिस्तूल जोडलं की दारातल्या बाईने काय समजायचं, हा माझा पहिला प्रश्न आहे.

बैठकीत पहिला आक्षेप अपेक्षित होता: अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती. १७९१ पासून चालत आलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क. मी या हक्काच्या विरोधात बोलत नाही. माझ्या गल्लीत कुणाच्या घरात काय आहे याची मला चौकशी करायची नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य केला, २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात तो घराबाहेरही नेला. पण हे सगळे निकाल सरकारचे हात बांधतात. सरकारने नागरिकाला काय करायला मना करू नये, हे ते सांगतात. खासगी संघटनेने आपल्या कामावर निघालेल्या माणसाला काय अट घालावी, हा वेगळा विषय आहे. शिवाय कमिटीवर येण्याची सक्ती कुणावर नाही. ज्याला पिस्तुलाशिवाय गल्लीत फिरणं असुरक्षित वाटतं त्याने खुशाल पिस्तूल घेऊन फिरावं, कमिटीच्या फेरीला येऊ नये.

नियम अरुंद ठेवण्याचं कारणही कायद्यातच आहे. टेक्सासने २०१९ मध्ये कायदा करून घरमालक संघटनांना शस्त्र बाळगणं, नेणं किंवा ठेवणं यांवर बंदी घालण्यापासून रोखलं. तिथल्या मित्रांनी माझ्यासारखा मसुदा आधी वकिलाला दाखवावा, "वसाहतीत बंदूक नको" असल्या भाषेच्या वाटेला जाऊच नये. आमच्या फ्लोरिडात २००८ चा कायदा आहे: काम देणाऱ्या मालकाने आपल्या पार्किंगमध्ये कुलूपबंद खासगी गाडीत ठेवलेल्या बंदुकीला हरकत घ्यायची नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत पगारी नोकराबरोबर स्वयंसेवकही येतो. म्हणून माझ्या मसुद्यात घर नाही, गाडी नाही. फक्त अंगावरचं शस्त्र आणि फक्त संघटनेचं काम चालू असतानाची वेळ.

आता सॅनफर्डबद्दल. ते शहर आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. तिथल्या 'द रिट्रीट ॲट ट्विन लेक्स' या कुंपणबंद वसाहतीत २६ फेब्रुवारी २०१२ च्या संध्याकाळी जे घडलं ते जगभर गेलं, पण ती घटना बहुतेकांच्या लक्षात वंशद्वेषाचा किंवा बंदुकीच्या कायद्याचा खटला म्हणून राहिली. मला ती एका घरमालक संघटनेची गोष्टही वाटते, आणि त्या अंगाने ती फार कमी वेळा सांगितली जाते.

वसाहतीत घरफोड्या झाल्या होत्या. लोक घाबरले होते, आणि ती भीती खरी होती. सप्टेंबर २०११ मध्ये रहिवाशांची सभा झाली, पोलिसांच्या स्वयंसेवक विभागाच्या बाईंनी येऊन नेबरहूड वॉच, म्हणजे रहिवाशांनी स्वतःच वसाहतीवर ठेवायची नजर, कसं चालवायचं ते समजावलं: बघा, फोन करा, कुणाच्या मागे जाऊ नका, कुणाला अडवू नका. जॉर्ज झिमरमन या २८ वर्षांच्या रहिवाशाने पुढाकार घेतला आणि तो वॉचचा प्रमुख झाला. संघटनेच्या वार्तापत्रात त्याचं नाव त्या नात्याने छापून आलं. राष्ट्रीय शेरीफ संघटना (इथे शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख) १९७२ पासून नेबरहूड वॉचचा कार्यक्रम चालवते आणि तिची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की स्वयंसेवकांना पोलिसांचे अधिकार नाहीत आणि त्यांनी शस्त्र बाळगू नये. ट्विन लेक्सच्या वॉचची तिच्याकडे नोंदणी नव्हती. म्हणजे नियम होता, पण तो दुसऱ्याच्या पुस्तकात. झिमरमनकडे ९ मिलिमीटरचं पिस्तूल होतं आणि ते लपवून बाळगण्याचा रीतसर परवाना होता.

त्या संध्याकाळी १७ वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन दुकानातून स्किटल्सचं पाकीट आणि सरबताचा डबा घेऊन परतत होता. तो त्या वसाहतीत पाहुणा होता. त्याच्या वडिलांची वाग्दत्त वधू तिथली रहिवासी होती. संघटनेचा कोणताही नियम त्याने मोडला नव्हता. झिमरमनने गाडीतून पोलिसांना फोन लावला, संशयित दिसतो म्हणाला. पलीकडून विचारलं, तुम्ही त्याच्या मागे जाताय का? तो हो म्हणाला. तुम्ही तसं करण्याची गरज नाही, असं त्याला सांगण्यात आलं. काही मिनिटांत झटापट झाली आणि एक गोळी सुटली. मुलगा जागीच गेला, वडील उतरले होते त्या घरापासून हाकेच्या अंतरावर. झिमरमनला अटक व्हायला जवळपास दीड महिना लागला आणि १३ जुलै २०१३ रोजी सहा स्त्रियांच्या ज्यूरीने त्याला स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सोडलं.

निकालावर मला इथे भाष्य करायचं नाही. माझं लक्ष एप्रिल २०१३ कडे आहे, खटला उभा राहण्याच्या दोन महिने आधी. त्या महिन्यात ट्विन लेक्सच्या घरमालक संघटनेने मुलाच्या आईवडिलांशी दिवाणी दाव्यात तडजोड केली. रक्कम न्यायालयाच्या कागदांत झाकलेली आहे, पण ती दहा लाख डॉलरच्या वर असल्याचं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. गुन्हेगारी न्यायालयाने माणसाला सोडलं तरी संघटना सुटली नाही. आमच्या बोर्डातल्या एकाने विचारलं, "स्वयंसेवकाने स्वतःच्या पिस्तुलाने काही केलं तर त्यात आपला काय संबंध?" संबंध असा की तो आपण दिलेल्या नावाने उभा असतो. १९९७ च्या केंद्रीय स्वयंसेवक संरक्षण कायद्यामुळे ना-नफा संस्थेच्या स्वयंसेवकाला साध्या निष्काळजीपणापासून व्यक्तिशः थोडं संरक्षण मिळतं. तो कायदा संस्थेला संरक्षण देत नाही. ती भरपाई विम्यातून गेली नाही तर सगळ्या घरांच्या वर्गणीतून जाते. ज्या बाईच्या दारात पिस्तूल घेऊन आपण उभे राहिलो, तिच्या वर्गणीतूनही.

पण पैशाचा मुद्दा पुढे करून मी जिंकलो तरी मला समाधान वाटणार नाही. सॅनफर्डची गोष्ट मला रात्री अस्वस्थ करते ती दुसऱ्या कारणाने. गाडीतून उतरण्याचा तो क्षण. अंधार, पाऊस, अनोळखी माणूस, नुकत्याच झालेल्या चोऱ्या. रिकाम्या हाताचा माणूस अशा वेळी काय करतो? दारं लॉक करतो, फोन करतो आणि थांबतो. भीती त्याला गाडीत बसवून ठेवते, आणि ती भीती त्या वेळी शहाणी असते. कमरेला पिस्तूल असलं की तीच भीती पातळ होते. पाय खाली टेकतो. झिमरमनच्या मनात त्या क्षणी नेमकं काय होतं हे मी सांगू शकत नाही. पण मी स्वतः कमिटीच्या फेऱ्यांत रागावलेल्या माणसांसमोर उभा राहिलो आहे, आणि माझ्या रिकाम्या हातांनी मला किती वेळा दोन पावलं मागे नेलं ते मला माहीत आहे. एकदा एक तरुण मुलगा गॅरेजमधून पाना घेऊन बाहेर आला आणि ओरडायला लागला. मी "सॉरी, नंतर बोलू" म्हणून निघून आलो. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला, त्याची नोकरी त्याच सकाळी गेली होती.

इथे एक अडचण आहे, आणि बैठकीत ती कुणी मांडली नाही तरी मी लपवणार नाही. झिमरमनने पोलिसांना सांगितलं की तो त्या वेळी गस्तीवर नव्हताच. किराणा आणायला निघाला होता. "ड्यूटीवर असताना शस्त्र नको" एवढाच नियम ट्विन लेक्समध्ये असता, तर तो त्या संध्याकाळी लागू झाला असता का? कागदावर नसता झाला. म्हणूनच माझ्या मसुद्यात दुसरं वाक्य आहे आणि मी त्याला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्व देतो. ज्याच्याजवळ शस्त्र आहे, तो त्या वेळी वॉचचा माणूस नाही. किराणा आणायला निघालेला परवानाधारक हा फक्त रहिवासी असतो. काही दिसलं तर त्याने पोलिसांना फोन करावा, गाडीतच बसावं. मागे जाणं, हटकणं, "तू इथे काय करतोस" विचारणं, हे त्याचं काम उरत नाही. शस्त्र आणि संघटनेचं नाव एका वेळी एका अंगावर नको, हा माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा आहे.

सॅनफर्डच्या पोलिसांनी २०१३ च्या शरद ऋतूत वॉचची नवी नियमावली आणली तेव्हा आधी स्वयंसेवकांना बंदुकीची मनाई असेल असं जाहीर झालं. मग ती मनाई मऊ होऊन शिफारस उरली. फ्लोरिडात शहरांचे हात या बाबतीत तसेही बांधलेले आहेत: बंदुकांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्याने १९८७ मध्येच स्वतःकडे घेतला आणि २०११ मध्ये हा कायदा मोडणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांना दंडाची तरतूद केली. म्हणजे महापालिका हे लिहू शकत नाही, राज्य लिहिणार नाही. उरते ती खासगी संघटना. "हे सरकारने बघावं" असं म्हणून आमच्या बोर्डाने हात झटकले तर हे काम कुणीच करणार नाही.

आणि राज्य कुठल्या दिशेने निघालं आहे तेही पाहायला हवं. १ जुलै २०२३ पासून फ्लोरिडात पात्र प्रौढ माणसाला लपवून पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. परवान्यासोबतचा प्रशिक्षणाचा दाखलाही त्यामुळे गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याची राजधानी तालाहासी इथल्या अपील न्यायालयाने उघडपणे शस्त्र बाळगण्यावरची जुनी बंदी घटनाबाह्य ठरवली. आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. याच राज्यात एजन्सीच्या पगारी, निःशस्त्र सुरक्षारक्षकाला ४० तासांचं प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवावा लागतो. त्याला शस्त्र बाळगायचं असेल तर वेगळा परवाना, त्यासाठी आणखी २८ तासांचं प्रशिक्षण. वसाहतीच्या गेटवर बसणाऱ्या माणसाकडून कायदा इतकी तयारी मागतो. त्याच गेटच्या आत, त्याच संघटनेच्या नावाने, माझ्यासारखा माणूस शून्य तासांच्या तयारीवर पिस्तूल लावून लोकांच्या दारात जाऊ शकतो. वसाहतीला सशस्त्र पहारा खरोखर हवा असेल तर परवानाधारक एजन्सी नेमावी, वर्गणी वाढवावी, सभेत मत घ्यावं. मी कदाचित विरोधात मत देईन, पण तो सरळ मार्ग आहे.

सगळ्यात कठीण आक्षेप आमच्या खजिनदार बाईंचा होता आणि त्या तो रडवेल्या आवाजात बोलल्या. लोक बोर्डाच्या माणसांवरच हल्ले करतात, मग आम्ही काय करायचं? त्यांची भीती मी हलकी मानत नाही. १९ एप्रिल २००० रोजी ॲरिझोनातल्या पिओरिया इथे व्हेंटाना लेक्स वसाहतीच्या घरमालक सभेत एक माजी रहिवासी बंदुका घेऊन शिरला आणि त्याने गोळीबार केला. दोन बायका ठार झाल्या, तीन माणसं जखमी. त्याचं भांडण झुडपांच्या छाटणीसारख्या गोष्टींवरून सुरू झालं होतं. कॅनडात टोरांटोजवळच्या व्हॉन शहरात १८ डिसेंबर २०२२ रोजी ७३ वर्षांच्या रहिवाशाने आपल्याच इमारतीत पाच जणांना मारलं, त्यातले तीन त्या कॉन्डो इमारतीच्या बोर्डावरचे होते. वर्षानुवर्षं त्याचं बोर्डाशी कोर्टात भांडण चालू होतं. कमिटीवर बसणं धोक्याचं असू शकतं, हे खरं आहे.

पण सशस्त्र स्वयंसेवक हे त्यावरचं उत्तर आहे का? कुणी २०१९ च्या डिसेंबरमधलं टेक्सासच्या व्हाइट सेटलमेंटचं उदाहरण देईल. चर्चच्या प्रार्थनेत एकाने दोघांना गोळ्या घातल्या आणि चर्चच्याच सुरक्षा पथकातल्या स्वयंसेवकाने सहा सेकंदांत त्याला पाडलं. ते खरं आहे आणि त्या माणसाने जीव वाचवले. तो पूर्वी शेरीफच्या राखीव दलात होता, नेमबाजी शिकवायचा आणि पहाऱ्यासाठीच तिथे उभा होता. स्प्रिंकलर तपासायला निघालेल्या माझ्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. पिओरियात हल्लेखोराला खाली पाडून धरलं ते सभेला आलेल्या रहिवाशांनीच. खजिनदार बाईंना मी जे सुचवलं ते असं: वादग्रस्त सुनावणी ठेवली की पोलिसांना आधी कळवा, सभा ऑनलाइन घ्या, धमकीचा एकही ईमेल बोर्डाच्या कपाटात दाबून ठेवू नका. ज्याच्या डोक्यात राग साचत चाललाय असं दिसतं त्याच्या घरी कुणाला एकट्याने पाठवू नका. आणि खरं सांगू, त्याला आणखी एक व्हायोलेशन लेटर पाठवण्याआधी कुणीतरी फोन करून दोन मिनिटं बोला. यातल्या प्रत्येक गोष्टीला खर्च येतो किंवा वेळ लागतो. कमरेला पिस्तूल लावायला काहीच लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं.

शस्त्र म्हणजे फक्त पिस्तूल, असंही मी धरलेलं नाही. माझ्या मसुद्यात चाकू, स्टन गन, बॅट, काठी सगळं आहे, आणि पाठलाग न करण्याचं कलमही जोडायला मी तयार आहे. गस्त म्हटली की मला पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले आठवतं. १६ एप्रिल २०२०, लॉकडाउनचे दिवस, चोर आल्याच्या अफवा, रात्रीच्या गस्ती. त्या रात्री गाडीतून जाणाऱ्या दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला जमावाने मारून टाकलं. तिथे परवाना असलेलं पिस्तूल कुणाकडे नव्हतं. गस्त घालणाऱ्याच्या हातात काहीही दिलं आणि मनात अफवा असली की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. उलट १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, जिथे तेव्हा लोक संध्याकाळनंतर डब्यात चढायला घाबरायचे, तिथे गार्डियन एंजल्स नावाच्या तरुणांनी गस्त सुरू केली. त्यांचा नियम होता की शस्त्र बाळगायचं नाही, आणि गस्तीला निघण्याआधी ते एकमेकांची झडती घ्यायचे. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, त्यातली काही योग्यही असेल. पण आपल्याच माणसाचे खिसे तपासण्यातली जी समज आहे, ती मला आमच्या वसाहतीसाठी हवी आहे.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर बाबा आहेत. ते दर हिवाळ्यात सांगलीहून तीन-चार महिने येतात. संध्याकाळी सहाला पांढरा लेंगा आणि सदरा घालून फिरायला निघतात आणि हातात काठी असते, कारण आयुष्यभर सांगलीत कुत्र्यांसाठी ती घेऊनच ते फिरले. कुणाचं घर आवडलं की थांबून बघतात. एखाद्याची पपई लागलेली दिसली की जवळ जाऊन निरखतात. इंग्रजी जेमतेम. कुणी ओरडलं तर समजत नाही म्हणून पुढे चालत राहतात. तुमच्यातल्या कितीजणांच्या आईवडिलांचं याहून वेगळं असेल?

६ फेब्रुवारी २०१५ रोजी अलाबामातल्या मॅडिसनमध्ये गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा असेच मुलाच्या वसाहतीत सकाळी फिरायला निघाले होते. नातवाला सांभाळायला आले होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक बारीक काळा माणूस फिरतोय, घरांकडे बघतोय. पोलीस आले, आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, आणि एका अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर आपटलं. मणक्याला इजा होऊन अंशतः लुळेपणा आला. अधिकारी दोन खटल्यांनंतर सुटला. शहराने २०२१ मध्ये १७ लाख ५० हजार डॉलर भरपाई दिली. तिथे कुणी सशस्त्र शेजारी मागे धावला नव्हता. फोन प्रशिक्षित पोलिसांना गेला होता, तरी असं झालं. मग प्रशिक्षण नसलेला, घाबरलेला, पिस्तूल बाळगणारा कुणी कमिटीच्या अधिकाराने बाबांसमोर उभा राहिला आणि बाबांनी काठी उचलून नमस्कारासाठी हात जोडले, तर? मी त्यांना काठी घरी ठेवायला सांगितलं. त्यांनी मुकाट्याने ठेवली. ज्या वसाहतीत माझ्या वडिलांनी काठी घरी ठेवायची, तिथल्या कमिटीच्या माणसाने पिस्तूल घरी ठेवावं, एवढं मी मागू शकतो.

माझ्याबरोबर फेरीला येणाऱ्या त्या गृहस्थांनी बैठकीत माझ्या मसुद्याविरुद्ध भाषण केलं होतं. ते बोर्डावर नाहीत, त्यांना मत नव्हतं, पण त्यांचं बोलणं लोकांनी ऐकलं. पुढच्या शनिवारी ते माझ्या दारात आले, शर्टाची कड स्वतःच वर करून दाखवली आणि म्हणाले, "घरी तिजोरीत आहे. त्या पोरीला मी घाबरवलं, ते मला आवडलं नाही. पण हे कागदावर नको. मी शब्द देतो, तो पुरे." त्या दिवसापासून त्यांनी शब्द पाळला आहे, आम्ही सात फेऱ्या केल्या आहेत.

ते येत्या मे महिन्यात घर विकून मुलीकडे टेनेसीला जाणार आहेत. त्यांच्या जागी कमिटीवर कोण येईल ते अजून ठरलेलं नाही. बोर्डाची पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सातला आहे. मसुदा मी पुन्हा विषयपत्रिकेवर घालून घेतला आहे. ईमेल पाठवणारी ती घरमालकीण या वेळी स्वतः बोलायला येते म्हणाली आहे.